मैदान पाण्याखाली असताना खेळाचा तास: वर्गात खो-खो शिकवण्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटमाथ्याजवळ आपली सातवीपर्यंतची शाळा आहे, जूनच्या मध्यापासून जवळजवळ दसऱ्यापर्यंत मैदानात पाणी किंवा शेवाळ असते, एका वर्गात अडतीस मुले बसतात, आणि वेळापत्रकातले शारीरिक शिक्षणाचे दोन तास एक तर गणिताकडे जातात, नाहीतर खेळांची मोजमापे वहीत उतरवून घेण्यात संपतात. अशा परिस्थितीत वर्गात बसून खेळ शिकवता येतो का, आणि येत असल्यास नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे.

शिकवता येतो. मात्र मैदानावर जे शिकवतो तेच वर्गात दाटीवाटीने करू पाहिले तर फसगत होते. दम, वेग आणि चपळता वर्गात येत नाही. ती मैदानावरच येते. वर्गात येतो तो खेळ पाहण्याचा डोळा: हा खेळाडू आत्ता इथे का थांबला, हा नियम असाच का आहे, आता कोणी काय करायला हवे होते. मैदानावर मुले इतकी धापा टाकत असतात की हे प्रश्न त्यांना विचारायला आपल्यालाही सवड नसते. म्हणून पावसाळ्याचे तीन-चार महिने मी नुकसान मानत नाही. मी सव्वीस वर्षे माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत आले आहे आणि त्यातली बरीच वर्षे तालुका व जिल्हा पातळीवर खो-खोची पंच म्हणून उभी राहिले आहे, त्यामुळे पुढील उदाहरणे बहुतेक त्याच खेळातली आहेत.

आधी माझी एक चूक सांगते, कारण आपल्या शाळेत सध्या तीच होत असावी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी जुलै आणि ऑगस्टमध्ये सहावीच्या वर्गाला खो-खोची सगळी माहिती लिहून दिली: मैदानाची लांबी, रुंदी, खांबाची उंची, खेळाडूंची संख्या. घटक चाचणीत निम्म्या वर्गाला दहापैकी नऊ-दहा गुण मिळाले आणि मी खूश झाले. दसऱ्यानंतर मैदान सुकले, रेषा आखल्या, आणि आठ जणांना पाटीवर, म्हणजे दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर, बसायला सांगितले, तर आठही मुले शाळेच्या इमारतीकडे तोंड करून ओळीने बसली. एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसायचे, हे वाक्य त्यांच्या वहीत होते, पाठही होते. मात्र तसे का बसायचे हे त्यांना कोणी विचारले नव्हते, त्यामुळे ते वाक्य वहीतच राहिले होते. त्या दिवसापासून वर्गात मी मोजमापे सांगून लिहून घेतलेली नाहीत.

पहिली सूचना अशी की, पावसाळ्यात एकच खेळ घ्यावा. दर आठवड्याला नवा खेळ घेतला की वर्ग सामान्यज्ञानाचा होतो. खो-खो घ्या किंवा कबड्डी घ्या, जो खेळ आपल्या गावातल्या मुलांनी पाहिला आहे तो घ्या, आणि त्यातच दहा-बारा तास राहा.

सुरुवात मैदान वर्गात आणण्यापासून करावी. खो-खोचे मैदान सध्या २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. लहान वयोगटांसाठी ते कमी होते. एकास दहा असे प्रमाण घेतले तर ते २ मीटर ७० सेंटीमीटर बाय १ मीटर ६० सेंटीमीटर होते, म्हणजे फळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत आरामात बसते. हे गणित आपण करून देऊ नये. गटागटांना मूळ मापे द्यावीत, खडू आणि मीटरपट्टी द्यावी, आणि फरशीवर आखायला सांगावे. मधली पाटी ३० सेंटीमीटर रुंदीची असते, म्हणून ती इथे ३ सेंटीमीटर येते. खांब जमिनीपासून सुमारे १२० सेंटीमीटर उंच असतो, तो इथे १२ सेंटीमीटर होतो, आणि एवढ्या उंचीची झिजलेली पेन्सिल प्रत्येक वर्गात कुणाच्या ना कुणाच्या कंपासपेटीत सापडतेच. तिला बुडाशी ओल्या मातीचा गोळा लावला की ती उभी राहते. आखणी चुकते, पुसली जाते, पुन्हा होते. एक तास यात जातो आणि तो जाऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी मापांची परीक्षा घेतली नाही तरी ती मुलांना येत असतात, कारण त्यांनी ती गुडघ्यांवर बसून ओढलेली असतात.

मग पाटीवर आठ चिंचोके ठेवावेत आणि वर्गाला दोन बाजू नाव घेऊन दाखवाव्यात: एक खिडकीची, एक दाराची. चिंचोक्याच्या एका टोकाला खडूचा ठिपका द्यावा, तो त्याचा चेहरा. पहिला चिंचोका खिडकीकडे पाहतो, दुसरा दाराकडे, तिसरा पुन्हा खिडकीकडे. आता मुलांना विचारावे की, सगळे खिडकीकडे तोंड करून बसले तर काय बिघडेल? सुरुवातीला उत्तरे येतात ती शिस्तीची असतात: तसा नियमच आहे, तसे छान दिसते. त्यांना हो किंवा नाही म्हणू नये. नववा खेळाडू, म्हणजे पाठलाग करणारा आक्रमक, म्हणून एक बटण खिडकीच्या बाजूला ठेवावे, आणि पळणारा म्हणून दुसरे बटण दाराच्या बाजूला. आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही, पळणाऱ्याला मात्र बसलेल्यांच्या मधून हवे तेव्हा आरपार जाता येते, एवढे सांगावे. खो नेहमी बसलेल्याच्या पाठीमागून द्यायचा असतो, हेही सांगावे, आणि गप्प बसावे.

दर वर्षी दोन-तीन मिनिटांत कोणीतरी उठते. गेल्या वर्षी एक मुलगी जवळजवळ ओरडलीच: "बाई, खो दिला की माणूस पलीकडं निघतो!" हेच मर्म आहे. खिडकीच्या बाजूचा आक्रमक फक्त त्याच्याकडे पाठ असलेल्याला, म्हणजे दाराकडे तोंड असलेल्याला, खो देऊ शकतो. आणि खो मिळालेला खेळाडू दाराच्याच बाजूला उठतो. एकटा आक्रमक पाटी ओलांडू शकत नाही, तो खांबाला वळसा घालूनच पलीकडे जाऊ शकतो, पण संघ एका शब्दात पाटी ओलांडतो. सगळे एकाच बाजूला पाहत बसले तर खिडकीच्या बाजूने कोणालाच खो देता येणार नाही. एवढे कळले की एकाआड एक बसण्याचा नियम पाठ करावा लागत नाही. त्याच ओघात आणखी दोन नियमांची कारणे मुलेच शोधतात: आक्रमकाला एकदा दिशा घेतल्यावर मागे का वळता येत नाही, आणि खांबापलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात गेल्यावर ही बंधने का सुटतात. आक्रमण करणारे नऊ जण बांधलेले आणि एका वेळी मैदानात पळणारे तीन जण मोकळे, या ओढाताणीवर खो-खो उभा आहे. नियमांची यादी देण्याऐवजी ही ओढाताण दाखवावी. बहुतेक नियम मग आपापल्या जागी बसतात.

यावरून मी एक बैठा खेळ बसवला आहे. त्याचे नियम माझे आहेत, खेळाच्या नियमपुस्तकातले नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगते. वहीच्या दुहेरी पानावर मधोमध पाटी काढायची, तिच्यावर एक ते आठ जागा, आणि दोन्ही बाजूंना प्रत्येक जागेसमोर एक घर. दोन्ही टोकांना खांबापलीकडचे एकेक जादा घर. एक मूल आक्रमण करते, दुसरे पळते. पळणारा आधी हलतो: एक घर पुढे किंवा मागे, किंवा पाटीतून समोरच्या घरात. मग आक्रमक हलतो: घेतलेल्या दिशेने एक घर, किंवा त्याच्या घरासमोरच्या जागेवर पाठमोरा चिंचोका असेल तर त्याला खो. खो मिळालेला पलीकडच्या घरात उभा राहतो, दिशा ठरवतो आणि लगेच एक घर पुढे जातो. खो देणारा त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून बसतो, त्यामुळे पाटीवरची मांडणी कधीच बदलावी लागत नाही. हलते ते फक्त बटण. दोघे एका घरात आले की पळणारा बाद. तीस चाली टिकला तर तो जिंकला.

पहिल्या डावात जवळजवळ प्रत्येक मूल आक्रमक म्हणून नुसते मागे लागते आणि हरते, कारण दोघांचा वेग सारखाच, एक घर. दहा मिनिटांनी वर्गात कुजबुज सुरू होते की, "पळून तो सापडतच नाही." तिसऱ्या-चौथ्या डावात मुले पळणाऱ्याच्या मागे न जाता तो जिथे येणार तिथल्या माणसाला खो देऊ लागतात. मैदानावर हे समजायला दोन हंगाम लागतात, आणि काही चांगले पळणारे खेळाडू शाळा सोडेपर्यंत खो द्यायला उशीरच करतात, कारण त्यांचा स्वतःच्या पायांवर जास्त विश्वास असतो. कागदावर पाय सगळ्यांचे सारखे असतात, म्हणून विचार आधी करावा लागतो. मुले पुढे नियम बदलायला निघतात: दोन पळणारे ठेवू, खांबाजवळ दोन घरे चालू द्या. बदलू द्यावेत. अट एकच, की बदल केल्यावर कोणाचा फायदा झाला ते दोन ओळींत लिहायचे. हुलकावणी मात्र या कागदावर दाखवता येत नाही. ती खांद्यात आणि कमरेत असते.

बसलेल्या खेळाडूकडे आपण फार कमी लक्ष देतो. नऊ मिनिटांच्या आक्रमणात प्रत्येक जण बराच वेळ बसूनच असतो आणि तेव्हा तो काय करतो यावर पुष्कळ अवलंबून असते. वर्गात यासाठी ३० सेंटीमीटरची पट्टी पुरते. एकाने पट्टी वरच्या टोकाला धरून लोंबती ठेवायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची, पट्टीला स्पर्श न करता. सोडणाऱ्याने न सांगता सोडायची आणि धरणाऱ्याने पकडायची. जिथे पकडली तिथला आकडा वाचायचा. पट्टी १० सेंटीमीटर पडायला सुमारे ०.१४ सेकंद लागतात, १५ सेंटीमीटरला सुमारे ०.१७, २० ला ०.२० आणि पूर्ण पट्टी निसटायला सुमारे पाव सेकंद. हे आकडे फळ्यावर लिहून ठेवावेत. सातवीच्या मुलांना सूत्र सांगण्याची गरज नाही. प्रत्येकाने पाच वेळा करून मधला आकडा घ्यावा, सर्वांत चांगला नव्हे, नाहीतर अंदाजाने आधीच चिमूट मिटणारे पुढे राहतात. आंतरराष्ट्रीय धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१० सेकंदाच्या आत हललेला धावपटू चुकीची सुरुवात केली म्हणून धरला जातो, कारण माणूस इतक्या लवकर ऐकून हलू शकत नाही, तो आधीच निघालेला असतो, असे मानले जाते. हे सांगितले की अंदाजाने पकडणारी मुले स्वतःच हसतात.

यानंतरचा भाग खास खो-खोचा. आता धरणाऱ्याने डोळे मिटायचे, आणि सोडणाऱ्याने पट्टी सोडताना त्याच क्षणी दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्याला स्पर्श करून "खो" म्हणायचे. बहुतेक मुलांचा आकडा कमी होतो. स्पर्शाला आणि आवाजाला आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपेक्षा जरा लवकर प्रतिसाद देतो. बसलेल्याला मागून खो द्यायचा आणि तो स्पष्ट ऐकू येईल असा उच्चारायचा, या नियमाकडे मुले त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहतात, आणि पुटपुटत खो देणाऱ्याला वर्गच टोकतो. एक काळजी घ्यावी: लाकडी पट्टी वापरावी, धातूची नको, आणि पायांवर पडू नये म्हणून धरणाऱ्याने बाकावर बसून करावे.

गणिताच्या तासाला आपला तास दिला जातो, अशी आपली तक्रार आहे. ती मीही पूर्वी करत असे. नंतर गणिताच्या शिक्षकांबरोबर एक तास एकत्र घेऊ लागले आणि भांडण मिटले. खो-खोच्या पारंपरिक सामन्यात एक आक्रमण नऊ मिनिटांचे असते, म्हणजे ५४० सेकंद. संरक्षण करणारे नऊ, ते तीन-तीनच्या तुकडीने मैदानात येतात. नऊही जणांना एकदा बाद करायचे तर प्रत्येकासाठी सरासरी ६० सेकंद मिळतात. आता एक खेळाडू तीन मिनिटे पळाला तर? उरलेल्या आठ जणांसाठी ३६० सेकंद, म्हणजे प्रत्येकी ४५. दोन जण प्रत्येकी अडीच मिनिटे पळाले तर उरलेल्या सातांसाठी २४० सेकंद, प्रत्येकी सुमारे ३४. हा हिशेब फळ्यावर मांडला की "तो किती मिनिटे पळाला" याला खो-खोच्या माणसांत एवढी किंमत का आहे, हे मुलांना उमगते. मराठी वर्तमानपत्रांत सामन्याच्या बातमीत नावापुढे कंसात मिनिटे-सेकंद आणि बाद केलेल्या गड्यांचा आकडा दिलेला असतो. अशी दोन कात्रणे आणावीत आणि मुलांना त्यातला प्रत्येक आकडा उलगडायला लावावा. "एक डाव आणि पाच गुणांनी विजय" किंवा "तीन मिनिटे राखून विजय" हे शब्द म्हणजे काय, हा मराठीच्या तासाचाही विषय आहे. पुढे बैठ्या खेळातल्या आपल्याच सामन्याची बातमी त्यांनी त्याच भाषेत लिहावी. माझ्या अनुभवात निबंधाला कंटाळणारी मुलेही ही बातमी पानभर लिहितात.

आपल्या शाळेत मोठा पडदा किंवा टीव्ही असल्यास सामन्याचे चित्रण दाखवता येईल, पण मनोरंजन म्हणून सलग लावून देऊ नये. दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा, समालोचनाचा आवाज बंद करावा आणि तोच तुकडा तीन वेळा दाखवावा. पहिल्यांदा फक्त आक्रमकाकडे पाहायचे. दुसऱ्यांदा बसलेल्यांपैकी एक निवडून त्याच्याकडेच: त्याची मान कुठे वळते, टाच कधी उचलली जाते. तिसऱ्यांदा ज्याचा पाठलाग चालू नाही त्या धावकाकडे. हा तिसरा प्रश्न मी कोणत्याही परिस्थितीत सोडत नाही. तीन धावकांपैकी एकाच्या मागे आक्रमक असतो आणि आपले सगळ्यांचे डोळेही त्याच्याच मागे असतात. उरलेले दोघे कुठल्या खांबाजवळ उभे राहतात, आक्रमकाची पाठ कधी होते याची वाट कशी बघतात, हे मुलांनी कधीच पाहिलेले नसते. चांगला संघ आणि साधा संघ यांतला फरक पुष्कळदा तिथे दिसतो.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने यासाठी उपयोगी आहेत. पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत भारताने नेपाळला हरवले, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते: प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. मुले हे सामने पाहून पहिला प्रश्न विचारतात तो गुणांचा. महिलांचा अंतिम सामना ७८–४० असा संपला आणि पुरुषांचा ५४–३६ असा. एक गडी एक गुण असे शिकलेल्या मुलाला हे आकडे खोटे वाटतात. या स्पर्धेतील गुणपद्धती वेगळी होती, संघातील एकावेळी खेळणाऱ्यांची संख्याही वेगळी होती. इथे थांबून खेळाचे नियम कोण ठरवते आणि ते का बदलतात, यावर बोलावे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाला लेखी नियमांत बसवण्यास सुरुवात केली; त्याआधी गावोगावी तो आपापल्या रीतीने खेळला जात असे. घरचा अभ्यास म्हणून आजीला, आईला किंवा शेजारच्या काकूंना विचारून यायला सांगावे की, तुम्ही खो-खो कसा खेळत होता, खांब होते का, किती जण बसत. उत्तरे इतकी निरनिराळी येतात की त्यांचा एक तक्ताच होतो. एका मुलाच्या आजीने खांबाऐवजी दोन चुलतभावांना उभे केल्याचे सांगितले होते. ते दोघे कंटाळून घरी गेले की खेळ बंद पडत असे.

दुसऱ्या खेळांकडे मी पावसाळ्यात फार जात नाही, पण दोन गोष्टी घेते. एक अविनाश साबळे यांची. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा हा धावपटू २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये दुसरा आला. पहिल्याची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे यांची ८ मिनिटे ११.२० सेकंद. फरक ०.०५ सेकंदाचा. हा फरक किती मोठा, असे विचारल्यावर मुले बोटांच्या चिमटीने दाखवतात. मग हिशेब करायला लावावा: ३००० मीटरला ४९१.२ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ६.१ मीटर, म्हणजे ०.०५ सेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर. त्याच लाकडी पट्टीएवढे. तीन किलोमीटर धावायचे, वाटेत २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या, आणि शेवटी एका पट्टीचा फरक. मी पट्टी हातात उंच धरते आणि त्या दिवशी पुढे काही शिकवत नाही.

दुसरी गोष्ट खाशाबा जाधव यांची. हेलसिंकी १९५२ मधले त्यांचे कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, हे बहुतेक मुलांना १५ जानेवारीच्या राज्य क्रीडा दिनामुळे ठाऊक असते. मी तिथून मागे जाते. १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले होते, आणि मातीत वाढलेल्या पैलवानाला तिथे गादीवर लढायचे होते. माती आणि गादी यांवर पाय कसा वेगळा रोवतो, हे घर्षणाच्या पाठाबरोबर घ्यावे. एवढे पुरे, बाकीचे गौरवपर भाषण टाळावे, मुले त्यात हरवतात.

जी मुले कधीच खेळत नाहीत त्यांच्याबद्दल आपण विचारलेले नाही, पण मला सांगावेसे वाटते. दम्याचा त्रास असलेला मुलगा, पायाने अधू मुलगी, किंवा नुसतीच भिडस्त मुले मैदानावर कडेला बसतात आणि आपण त्यांना पाण्याच्या बाटल्या सांभाळायला देतो. सामना घ्यायला मैदानावर दोन पंच, एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतात. पावसाळ्यात ही कामे सगळ्या वर्गाला शिकवावीत, पण परीक्षा घेऊन त्यातली जबाबदारी ज्याला ती खरोखर जमते त्याला द्यावी. माझ्याकडे सातवीत एक मुलगी होती, तिचा एक पाय लहानपणापासून आखूड. ती गुणलेखनात इतकी तरबेज झाली की आंतरशालेय सामन्यात समोरच्या शाळेचे शिक्षक आपला तक्ता तिच्या तक्त्याशी ताडून पाहत. एका सामन्यात बाद दिलेल्या धावकाचा क्रमांक पंचांनी चुकीचा पुकारला आहे, हे तिने हात वर करून दाखवून दिले. त्या दिवशी पंच मीच होते.

लेखी परीक्षेसाठी सुचवेन की, "खांबाची उंची किती?" यासारखे प्रश्न एक-दोनच ठेवावेत. त्याऐवजी पाटीची आकृती काढून आक्रमक चौथ्या जागेसमोर खिडकीच्या बाजूला आहे, धावक दाराच्या बाजूला सहाव्या घरात आहे, आता खो कोणाला आणि का, असे विचारावे. याला कधी दोन बरोबर उत्तरे असतात, आणि कारण नीट लिहिले असेल तर दोन्हींना गुण द्यावेत. मुख्याध्यापकांना दाखवायला अशा दहा उत्तरपत्रिका हाताशी असल्या की खेळाचा तास काढून घेण्याचा विषय सहसा पुन्हा निघत नाही.

वर्गातल्या वर्गात धावणे, लंगडी, पकडापकडी यांतले काहीही करू नये. ओल्या पायांची फरशी आणि बाकांचे कोपरे यांनी मी दोन टाके पाहिले आहेत आणि तिसरा पाहायचा नाही. पाटीवर बसण्याचा पवित्रा आणि तिथून उठणे मात्र बाकांच्या मधल्या जागेत, एका वेळी आठ मुलांना घेऊन करता येते: उकिडवे, दोन्ही हातांची बोटे पुढे जमिनीला टेकलेली, नजर समोर, मागून स्पर्श झाला की एकच पाऊल टाकून उभे राहायचे आणि तिथेच थांबायचे. वर्गाबाहेर कोरडा व्हरांडा असेल तर हेच तिथे जास्त चांगले होते. आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली तर आखलेला पाठ बाजूला ठेवून दहा मिनिटे का होईना बाहेर पडावे.

मैदान सुकल्यावरच्या पहिल्या तासाला सामना लावू नये. ज्या गटाने जूनमध्ये फरशीवर मैदान आखले त्यालाच दोरी, खुंट्या, टेप आणि फक्की द्यावी. कोपरा काटकोनात येण्यासाठी दोरीला गाठी मारून तीन, चार आणि पाच मीटर बाजूंचा त्रिकोण ताणायला सांगावे; पहिल्या प्रयत्नात मैदान हमखास तिरके होते, आणि ते तिरके आहे हे एका कर्णापेक्षा दुसरा मोठा भरल्यावर त्यांनाच दिसते. ओल्या मातीवर फक्की गोळे धरते, म्हणून ती आदल्या दिवशी उन्हात पसरून चाळून ठेवावी, आणि खांबांचे खड्डे सर्वांत आधी खणावेत, कारण मधली पाटी त्या दोन खांबांच्याच मध्ये येते.